वृद्धिघटक : बधिर नसांची आशा आणि मर्यादा

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूर तालुक्याचे रेल्वेचे प्रवेशद्वार. मुंबईकरांच्या लेखी ते माहुली गडाच्या वाटेवरचे स्थानक किंवा लोकलच्या पाटीवरचे एक नाव. स्थानकाबाहेर पडून शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांकडे वळले की मात्र वेगळे जग सुरू होते. आषाढात घोटाभर चिखलात उभे राहून भाताची लावणी, दिवाळीच्या सुमारास विळ्याने कापणी, उन्हाळ्यात राब भाजणे आणि वीटभट्टीवरची मजुरी असे येथील कष्टकऱ्यांचे वर्षाचे चक्र असते. या साऱ्या कामांत हातापायांचे रक्षण करणारी एक गोष्ट सदैव सोबत असते, ती म्हणजे वेदना. काटा रुतला की पाय आपोआप उचलला जातो, तापलेल्या विटेचा चटका बसताच हात मागे येतो. ज्याला हा काटा आणि हा चटका जाणवतच नाही, त्याची जखम दिवसभराच्या कामात वाढत जाते आणि संध्याकाळी रक्त दिसल्यावरच लक्षात येते.

वेदनेची ही पहारेदारी संवेदी चेतातंतूंकडे असते. बोलीभाषेत आपण त्यांना नसा म्हणतो. कुष्ठरोगाने, मधुमेहाने किंवा अपघाताने या नसांना इजा झाली तर त्या पुन्हा कामाला लागतात का, हा प्रश्न रुग्णांइतकाच शास्त्रज्ञांनाही गेली दीडशे वर्षे सतावत आला आहे. उत्तर असे की, काही प्रमाणात निश्चित लागतात आणि त्यांना उभे करण्याच्या कामात शरीराने स्वतःच तयार केलेल्या काही प्रथिनांचा मोठा वाटा असतो. या प्रथिनांना 'ग्रोथ फॅक्टर' किंवा वृद्धिघटक असे म्हणतात. त्यांचे कार्य, त्यांचे औषध करण्याचे प्रयत्न आणि त्या प्रयत्नांना आलेले यशापयश यांचा हा परिचय.

नस तुटल्यावर काय होते?

संवेदी चेतापेशीची रचना मोठी विलक्षण असते. तिचे मुख्य शरीर पाठीच्या कण्यालगतच्या एका लहानशा गाठीत, म्हणजे चेतागंडिकेत असते. तेथून निघालेला तिचा तंतू थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. पायाच्या अंगठ्याला काटा लागल्याची वर्दी देणारी पेशी कमरेजवळ असते आणि तिचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याची जाडी मात्र केसाच्याही कितीतरी पट कमी. एवढ्या लांबवर पसरलेल्या तंतूचे पोषण आणि दुरुस्ती कण्यालगतच्या त्या पेशीलाच पाहावी लागते.

हा तंतू वाटेत तुटला तर तुटलेल्या जागेपलीकडचा भाग काही दिवसांत विरून जातो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसांवर प्रयोग करून १८५० मध्ये हे प्रथम दाखवून दिले. तंतू विरला तरी त्याची वाट मात्र लगेच नाहीशी होत नाही. तंतूभोवती श्वान पेशी नावाच्या मदतनीस पेशींचे आवरण असते. एरवी या पेशी तंतूला वेटोळे घालून स्निग्ध वेष्टण पुरवतात. तंतू तुटताच त्या आपले काम बदलतात. रक्तातून आलेल्या भक्षक पेशींच्या मदतीने त्या जुन्या वेष्टणाचा कचरा साफ करतात, एकापुढे एक अशा रांगेत उभ्या राहतात आणि नव्या अंकुरासाठी पोकळ वाट तयार ठेवतात. याच वेळी त्या वृद्धिघटक बनवून आसपास सोडू लागतात.

विळ्याने मनगटाजवळ खोल कापले गेले आणि नस तुटली, तर शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली नसेची दोन टोके जुळवून शिवतो. अनेकांचा समज असतो की शिवलेली नस लगेच काम करू लागते. प्रत्यक्षात शल्यचिकित्सक फक्त वाट सांधतो. त्या वाटेवरून नवा तंतू वाढत जाण्याचे काम शरीरालाच करावे लागते आणि त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर इतकाच असतो.

एका प्रथिनाचा शोध

नसांना वाढायला सांगणारा रासायनिक निरोप अस्तित्वात आहे, ही कल्पना एका असामान्य स्त्रीच्या चिकाटीतून सिद्ध झाली. इटलीतील तुरीन येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू कुटुंबातील डॉक्टर होत्या. मुसोलिनी राजवटीने १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे आणले आणि ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद झाली. लेव्ही-मोंताल्चिनी यांनी आपल्या झोपण्याच्या खोलीतच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांच्या चेतापेशींचा अभ्यास सुरू ठेवला. त्यांचे काम पाहून व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी त्यांना अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतले. १९४७ मध्ये त्या तेथे रुजू झाल्या.

उंदराच्या एका विशिष्ट प्रकारच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला की भ्रूणाचे चेतातंतू त्या तुकड्यात बेसुमार वाढतात, असे आढळले होते. १९५२ मध्ये लेव्ही-मोंताल्चिनी असे अर्बुद असलेले उंदीर घेऊन ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील प्रयोगशाळेत गेल्या. तेथे त्यांनी काचेच्या तबकडीत अर्बुदाशेजारी कोंबडीच्या भ्रूणाची चेतागंडिका ठेवली. एका दिवसात त्या गंडिकेभोवती सूर्याच्या प्रभामंडळासारखे तंतूंचे दाट वलय उगवले. अर्बुदातून झिरपणारे काहीतरी तंतूंना वाढवत होते, यात आता शंका उरली नाही.

हे 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन त्यांच्या जोडीला आले. तो पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवण्यासाठी त्यांनी न्यूक्लिक आम्लाचे तुकडे करणारे द्रव्य म्हणून सापाचे विष मिश्रणात टाकले. झाले भलतेच. विषामुळे तंतूंची वाढ थांबण्याऐवजी कित्येक पटींनी वाढली, कारण त्या विषातच हा पदार्थ विपुल होता. सापाच्या विषग्रंथी या मुळात लाळग्रंथीच असल्याने मग उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या गेल्या आणि तेथे या प्रथिनाचा मोठा साठा सापडला. भातशेतीत वावरणाऱ्या आपल्या नागाच्या विषातही ते असते. त्याला 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', थोडक्यात एनजीएफ, असे नाव मिळाले. या शोधासाठी लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लेव्ही-मोंताल्चिनी २०१२ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तल्या.

एनजीएफनंतर त्याची भावंडे सापडत गेली. डुकराच्या मेंदूतून १९८२ मध्ये बीडीएनएफ वेगळा करण्यात आला, १९९० मध्ये न्यूरोट्रॉफिन-३ आणि १९९३ मध्ये जीडीएनएफ यांची भर पडली. प्रत्येकाचे कार्यक्षेत्र वेगळे आहे. वेदना आणि उष्णता जाणवून देणाऱ्या बारीक तंतूंपैकी अनेक एनजीएफला प्रतिसाद देतात. हातपाय कोणत्या स्थितीत आहेत याची जाणीव देणारे जाड तंतू प्रामुख्याने न्यूरोट्रॉफिन-३ वर विसंबून असतात. त्यामुळे 'नसांसाठी एकच टॉनिक' ही कल्पना शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

निरोप कसा पोहोचतो?

हातापायांच्या त्वचेतील पेशी थोड्या प्रमाणात एनजीएफ सतत बनवत असतात. बारीक तंतूंच्या टोकांवर या प्रथिनाला ओळखणारे ग्राही असतात. एनजीएफ आणि हा ग्राही यांची गाठ पडली की दोघे मिळून एका सूक्ष्म पुटिकेत बंद होतात आणि तंतूच्या आतील रुळांसारख्या नलिकांवरून उलट दिशेने, म्हणजे त्वचेकडून कण्याजवळच्या पेशीकडे, प्रवास करतात. तेथे पोहोचल्यावर ते पेशीच्या केंद्रकातील जनुकांना जागे करतात. तंतूच्या बांधणीसाठी आणि वेदनेचा निरोप पुढे देण्यासाठी लागणारी प्रथिने मग तयार होऊ लागतात.

जन्मापूर्वी या निरोपावर चेतापेशींचे जीवनमरणच अवलंबून असते. भ्रूणात गरजेपेक्षा कितीतरी अधिक चेतापेशी तयार होतात आणि ज्यांना पुरेसा वृद्धिघटक मिळत नाही त्या मरून जातात. एनजीएफचा ग्राही बनवणाऱ्या जनुकात दोष असलेली मुले जन्मतःच वेदनेला पारखी असतात आणि त्यांना घामही येत नाही, हे १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. अशा मुलांची जीभ, ओठ, बोटे स्वतःच्याच दातांनी जखमी होतात. वेदना हा शाप नसून संरक्षण आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

प्रौढ वयात बहुतेक संवेदी पेशी एनजीएफवाचून मरत नाहीत. परंतु त्यांची कार्यक्षमता आणि टोकांची दाट जाळी टिकवण्यासाठी त्यांना तो लागतोच. नस तुटली की त्वचेकडून येणारा हा पुरवठा एकाएकी खंडित होतो. त्या वेळी वाटेतल्या श्वान पेशी तात्पुरता पुरवठा सुरू करतात आणि त्याच्या आधारावर नवा अंकुर पुढे सरकतो. कापणीपर्यंत शेतकरी घरातल्या साठवणीच्या धान्यावर दिवस काढतो, तसाच हा प्रकार असतो. साठा संपण्यापूर्वी पीक हाती आले तर घर तरते. श्वान पेशींचा पुरवठाही काही महिन्यांनी ओसरू लागतो, त्यांच्या रांगा आक्रसतात आणि मग उशिरा पोहोचलेल्या तंतूला वाट सापडत नाही.

कुष्ठरोग : मदतनीसावरच घाला

शहापूर-मुरबाडच्या संदर्भात हे विज्ञान महत्त्वाचे ठरते ते कुष्ठरोगामुळे. ठाणे जिल्हा, २०१४ मध्ये त्यातून वेगळा झालेला पालघर आणि शेजारचा रायगड हा पट्टा राज्याच्या कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अनेक वर्षे विशेष लक्ष देण्याजोगा मानला गेला आहे. नॉर्वेचे गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जिवाणू शोधला. हा जिवाणू शरीरातील अन्य अवयवांपेक्षा नसांना पसंती देतो आणि नसांमध्येही नेमका श्वान पेशींच्या आत शिरून राहतो. जखमी तंतूच्या मदतीला धावून जाणारी पेशीच अशा प्रकारे रोगाच्या ताब्यात जाते. त्याला शरीराच्या थंड भागांत वाढायला आवडते, म्हणून कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोटा येथील त्वचेलगतच्या नसा प्रथम बाधित होतात. जिवाणूंविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा पेटून उठते तेव्हा नसेला सूज येऊन आणखी हानी होते.

कुष्ठरोगात बोटे 'झडतात' हा गैरसमज अजूनही सर्वत्र आहे. बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर झालेल्या हातापायांना वारंवार भाजणे, कापणे, घासणे होत राहते, जखमा चिघळतात, हाडापर्यंत संसर्ग जातो आणि बोटे आखूड होत जातात. थोडक्यात, विद्रूपतेचे मूळ वेदना नाहीशी होण्यात आहे.

या विषयाच्या संशोधनात मुंबईचे योगदान मोठे आहे. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासूनचे. शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांनी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' या मुंबईतील संस्थेत कुष्ठरुग्णांच्या नसांचा वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकीय अभ्यास केला. १९९४ मध्ये प्रवीण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. कुष्ठरुग्णांच्या बाधित त्वचेत एनजीएफचे प्रमाण घटलेले असते, असे त्यात दिसून आले. म्हणजे बधिर चट्ट्यात जिवाणूमुळे तंतू तर खराब होतातच, शिवाय उरलेल्या तंतूंना जगवणारा खुराकही कमी पडतो. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, मधुमेहींच्या त्वचेतही अशीच घट असल्याचे आनंद यांच्या गटाने दाखवले. आसनगावजवळच्या पाड्यावरील शेतमजूर आणि दादरमधील मधुमेही कारकून यांच्या तळपायांची कहाणी अशा रीतीने एका प्रथिनापाशी येऊन मिळते.

औषध करण्याचे प्रयत्न

त्वचेत एनजीएफ कमी पडत असेल तर तो बाहेरून द्यावा, हा विचार ओघाने आलाच. जनुक अभियांत्रिकीच्या साह्याने मानवी एनजीएफ प्रयोगशाळेत बनवता येऊ लागला आणि नव्वदच्या दशकात मधुमेही रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. २५० रुग्णांच्या सुरुवातीच्या चाचणीचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. त्यानंतर १,०१९ रुग्णांवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी घेण्यात आली. २००० साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा मात्र निराशा पदरी पडली. एनजीएफ घेतलेल्या आणि नुसते पाण्यासारखे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांत ठोस फरक आढळला नाही.

हे अपयश समजून घेण्याजोगे आहे. एनजीएफ हा वेदनावाहक तंतूंचा पोषणकर्ता असला तरी तो त्यांना उत्तेजितही करतो. इंजेक्शन दिलेल्या जागी दुखू लागते, त्यामुळे मात्रा फार वाढवता आली नाही. त्वचेखाली टोचलेले प्रथिन आवश्यक त्या तंतूंपर्यंत पुरेसे पोहोचते का, हाही प्रश्न होता. नसा खूप खराब झालेल्या असतील तर निरोप घ्यायला टोकेच शिल्लक नसतात. प्राण्यांमधील प्रयोगांत वृद्धिघटकांनी चमत्कार वाटावा अशी कामगिरी केली आहे. मज्जारज्जूला जोडणारी संवेदी मुळे तुटल्यावर वृद्धिघटक दिलेल्या उंदरांमध्ये ती पुन्हा मज्जारज्जूत शिरल्याचे लंडनच्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवले होते. तथापि उंदराच्या पायातील अंतर काही सेंटिमीटरचे असते, माणसाच्या पायातील अंतर मीटरच्या घरात असते.

पुढे औषध कंपन्यांनी उलट दिशेने विचार केला. एनजीएफ वेदना वाढवतो, तर त्याला अडवून सांधेदुखी कमी करता येईल, असे गृहीत धरून 'टॅनेझुमॅब' हे प्रतिद्रव्य तयार झाले. दुखणे कमी झाले खरे, परंतु काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजल्याचे आढळले. अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये प्रतिकूल मत दिले आणि त्याच वर्षी कंपनीने हा प्रकल्प गुंडाळला. एनजीएफ वाढवला तर दुखते, अडवला तर संरक्षण ढासळते, असे हे दुधारी शस्त्र आहे.

डोळ्यात लाभलेले यश

एका ठिकाणी मात्र एनजीएफ औषध म्हणून खरोखर यशस्वी झाला, तो म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा अर्थात कॉर्निया. शरीरातील सर्वांत दाट संवेदी तंतूंचे जाळे येथे असते. नागिणीचा विषाणू, मधुमेह, शस्त्रक्रिया अशा कारणांनी ते नष्ट झाले तर पडद्याला खुपलेले कळत नाही, पापण्यांची उघडझाप मंदावते आणि न भरणारे व्रण होतात. इटलीतील नेत्रतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अशा १२ रुग्णांच्या १४ डोळ्यांत एनजीएफचे थेंब टाकून व्रण भरून आल्याचे नोंदवले. त्यातून विकसित झालेल्या 'सेनेजर्मिन' या थेंबांना २०१७ मध्ये युरोपीय संघाने आणि २०१८ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. हे थेंब दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे घालावे लागतात.

येथे यश का मिळाले याचे उत्तर बोधप्रद आहे. औषध थेट तंतूंच्या टोकांवर पडते, अंतर अगदी कमी असते, रक्तात फारसे जात नाही आणि पुरवठा सतत चालू ठेवता येतो. वृद्धिघटक योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात पोहोचला तरच गुण देतो, हे सूत्र यातून स्पष्ट होते. कुष्ठरोगातील किंवा मधुमेहातील हातापायांच्या नसांसाठी वृद्धिघटकाचे मान्यताप्राप्त औषध मात्र अद्याप उपलब्ध नाही.

त्यामुळेच जाहिरातींच्या बाबतीत सावध राहणे गरजेचे आहे. 'ग्रोथ फॅक्टर' हे शब्द आज केसांच्या उपचारांपासून गुडघ्याच्या इंजेक्शनपर्यंत सर्रास वापरले जातात. रुग्णाच्याच रक्तातील बिंबिका घट्ट करून टोचण्याच्या पद्धतीत अनेक वृद्धिघटक असतात हे खरे. नसांच्या बधिरतेसाठी तिचे लहान लहान प्रयोगही झाले आहेत. परंतु तो अजून प्रस्थापित उपचार ठरलेला नाही. मधुमेही पायाच्या व्रणावर लावायचे वृद्धिघटकयुक्त मलम जखमेची त्वचा भरून येण्यास मदत करते, ते गेलेली संवेदना परत आणत नाही. हा फरक विचारून घेण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

वेळेचे गणित

मग या साऱ्या संशोधनाचा सामान्य माणसाला आज काय उपयोग? उपयोग असा की, शरीराचा स्वतःचा वृद्धिघटकांचा साठा केव्हापर्यंत कामी येतो, हे त्यातून कळते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर अठरा ते वीस सेंटिमीटर. दिवसाला एक मिलिमीटर या गतीने तंतूला तेथे पोहोचायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. गुडघ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जायला दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त. श्वान पेशींची मदत काही महिन्यांनंतर ओसरू लागत असेल, तर उपचाराला झालेला प्रत्येक महिन्याचा उशीर ही भरून न येणारी हानी ठरते.

कुष्ठरोगात हे गणित व्यवहारात उतरलेले दिसते. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने, म्हणजे 'एमडीटी'ने, जिवाणूंचा नायनाट होतो आणि रोगी पूर्ण बरा होतो. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पण जिवाणू मेले म्हणजे नस आपोआप सुधारली असे होत नाही. नसेला सूज येऊन संवेदना किंवा शक्ती कमी होऊ लागली, तर प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे वैद्यकीय देखरेखीखाली द्यावी लागतात. ही हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर संवेदना परत येण्याची शक्यता बरीच असते, जुन्या हानीत ती फार कमी. सूज उतरल्याने दबलेल्या तंतूंना मोकळीक मिळते आणि शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीयंत्रणेला वाव मिळतो. उपचार सुरू असताना किंवा तो संपल्यानंतरही अशी सूज येऊ शकते, म्हणून औषधांचा क्रम पूर्ण झाल्यावरही हातापायांवर लक्ष ठेवावे लागते.

देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने २००५ च्या अखेरीस गाठले. मात्र त्या आकड्याने काहीसा गाफीलपणाही आला. 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च'ने पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि मुंबईत घरोघरी पाहणी केली तेव्हा यंत्रणेच्या नजरेतून सुटलेले रुग्ण सापडले. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१६ पासून देशात घरोघरी जाऊन रुग्ण शोधण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात नोंदल्या गेलेल्या १ लाख ८२ हजार ८१५ नव्या रुग्णांपैकी १ लाखाहून अधिक एकट्या भारतातील होते.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि तेथे घाम येत नसेल, तर डोळे मिटून कापसाच्या बोळ्याने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करवून पाहावा. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. चट्टा दुखत नाही म्हणून लोक तो वर्षानुवर्षे अंगावर काढतात, वास्तविक न दुखणे हेच त्याचे सर्वांत गंभीर लक्षण. हातापायांना मुंग्या, कोपराच्या नसेत ठणका, करंगळी वाकडी होऊ लागणे, चालताना चप्पल पायातून नकळत निसटणे हीदेखील धोक्याची चिन्हे आहेत. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र येथे तपासणी होते, गावातील आशा स्वयंसेविकाही मार्ग दाखवते. मधुमेहींनीही वर्षातून एकदा तळपायाची संवेदना तपासून घ्यावी.

ज्यांची संवेदना कायमची गेली आहे त्यांच्यासाठी डोळ्यांनी पायांची राखण करणे, हाच पर्याय उरतो. रोज रात्री तळपाय न्याहाळणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या 'एमसीआर' चपला वापरणे आणि चुलीवरचे भांडे फडक्याने धरणे, या साध्या सवयींनी असंख्य हातपाय वाचले आहेत. उद्या कदाचित वृद्धिघटकांचे गुणकारी औषध हातापायांच्या नसांसाठीही येईल. पण तेही जिवंत तंतू आणि शाबूत वाट असेल तेथेच काम करू शकेल, आणि त्या दोन्ही गोष्टी राखण्याचे साधन, म्हणजे वेळेवर केलेली तपासणी, आजच आपल्या हाती आहे.